रंगीत पत्रा किती पावसाळे काढतो?

गळीत हंगाम संपला, शेवटच्या पंधरवड्याचे बिल खात्यावर जमा झाले, की आपल्या कार्यक्षेत्रातल्या ट्रॉल्यांतून ऊस जायचा थांबतो आणि पत्रे जाऊ लागतात. कुणाचा गोठा, कुणाची कांदाचाळ, कुणाच्या घरापुढची पडवी, कुणाचे ट्रॅक्टर उभे करायचे शेड. मृग लागायच्या आत छप्पर झाले पाहिजे, ही घाई सगळ्यांनाच. पूर्वी जिथे पांढरा पन्हळी पत्रा नाहीतर मंगलोरी कौल दिसे, तिथे आता निळा, विटकरी, हिरवा रंगीत पत्रा दिसतो. देखणा, वजनाला हलका, हवा तेवढा लांब मिळतो, म्हणून लोक घेतात. त्यात गैर काही नाही.

पण गट कार्यालयात येणाऱ्या सभासदांचा एक प्रश्न आमच्या कानी वारंवार येतो. "दुकानदार म्हणतो वीस वर्षं बघायला नको. शेजाऱ्याच्या पत्र्याला तर पाचव्याच वर्षी कडेनं गंज चढला. खरं कुणाचं धरायचं?" दोघांचेही खरे असू शकते. पत्रा बाहेरून एक दिसला तरी त्यात पाच-सहा थर असतात, आणि प्रत्येक थराचा वैरी निराळा असतो. छप्पर काही दर पाच वर्षांनी कुणी बदलत नाही. पैसा उसाचा आहे आणि तो एकदाच जायचा आहे. सबब या अंकात पत्र्याची गोष्ट जरा सविस्तर सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

पन्हळी पत्र्याचे पेटंट लंडनमध्ये हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ साली घेतले. लोखंड ते, गंजायचेच. १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल यांनी लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा लेप देण्याची रीत काढली आणि पत्र्याचे नशीब पालटले. जस्त दोन कामे करते. एक तर ते लोखंड झाकते. दुसरे, चरा पडून लोखंड उघडे पडले तरी पाण्याच्या संगतीत आधी जस्त झिजते, लोखंड वाचते. धाकट्याला पाठीशी घालून थोरला मार खातो, त्यातला प्रकार. मात्र जस्त आहे तोवरच हे चालते. किती जस्त दिले, हा सगळ्या हिशेबाचा पाया.

पुढे १९७२ साली अमेरिकेतल्या बेथलहेम स्टील कंपनीने जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम यांचे मिश्रण बाजारात आणले. वजनाने ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त, १.६ टक्के सिलिकॉन. आपल्याकडे यालाच गॅल्व्हल्यूम म्हणतात. उघड्या हवापाण्यात हा लेप साध्या जस्तापेक्षा पुष्कळ जास्त टिकतो, कारण जस्त झिजले तरी अ‍ॅल्युमिनियमची जाळी जागेवर राहते. मात्र कापलेल्या कडेला पाठीशी घालायचे काम त्याला साध्या जस्ताइतके जमत नाही, आणि अल्कधर्मी पदार्थाशी त्याचे वैर आहे. हे दुसरे वाक्य गोठा बांधणाऱ्याने लक्षात ठेवावे. त्यावर पुढे येऊच.

या लेपावर रंग बसतो, तो पत्रा पन्हळी होण्याच्या आधी. सपाट पत्र्याची गुंडाळी उलगडत यंत्रातून धावते. धुतली जाते, तिच्यावर रसायनाचा हात फिरतो, मग प्रायमर, भट्टी, वरचा रंग, पुन्हा भट्टी. दोनशे अंशांच्या वर तापून रंग पक्का होतो आणि गुंडाळी परत गुंडाळली जाते. आपल्याच राज्यात तारापूर, वाशिंद, खोपोली, कळमेश्वर इथे असे कारखाने उभे राहिले. पन्हळ नंतर पडते, म्हणून रंग नुसता कडक असून भागत नाही. घडीवर वाकताना तडकता कामा नये.

आणि हा सगळा रंग असतो तरी किती? प्रायमर ५ मायक्रॉन, वरचा रंग २० मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन धरला, तर दोन्ही मिळून केसाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडे जास्त. पत्र्याच्या पाठीला, म्हणजे छपराच्या आतल्या बाजूला, एवढेही नसते. तिथे बहुधा ५ ते १० मायक्रॉनचा फिका हात मारलेला असतो. खरेदीच्या वेळी सगळे वरचा रंग पाहतात. पाठ कुणी पाहत नाही.

ऊन काय करते

रंगाचा मोठा वैरी पाऊस नव्हे, ऊन. उन्हातले अतिनील किरण रंगातल्या रेझिनच्या साखळ्या तोडतात. त्यातच रंगाला पांढरेपणा आणि झाक देणारे टायटॅनियम डायऑक्साइड हलक्या प्रतीचे असले, तर ऊन आणि दव यांच्या साथीने तेच भोवतालचे रेझिन खाऊ लागते. वरचे रेझिन गेले की रंगाची भुकटी मोकळी होते. जुन्या रंगीत पत्र्यावरून काळे फडके फिरवून पाहा. खडूसारखी पूड लागली तर समजावे की वरचा थर झडू लागला. उतारांपैकी दक्षिणेकडचा उतार आधी फिका पडतो, कारण वर्षभरात ऊन त्याच्यावर जास्त.

रेझिन कोणते, यावर बरेच अवलंबून असते. बाजारात सर्रास मिळतो तो पॉलिएस्टरचा रंग. सगळ्यांत स्वस्त, आणि साध्या कामाला चालण्यासारखा. त्यात सिलिकॉनची भर घातलेला प्रकार, ज्याला दुकानात एसएमपी म्हणतात, तो उन्हाला अधिक दाद देत नाही. त्याच्याही वर पीव्हीडीएफ. न चिकटणाऱ्या तव्यावर जो लेप असतो, त्याचाच हा भाऊबंद. १९६५ च्या सुमारास तो इमारतींच्या रंगात आला. यात कार्बन आणि फ्लोरिन यांची गाठ इतकी घट्ट असते, की जमिनीपर्यंत पोचणाऱ्या उन्हाला ती सुटत नाही. चांगल्या प्रतीत रेझिनपैकी ७० टक्के पीव्हीडीएफ असते. किंमत अर्थातच चढी.

मग शेतकऱ्याने पीव्हीडीएफच घ्यावे काय? आमचे मत विचाराल तर गोठ्याला आणि अवजारांच्या शेडला ती उधळपट्टी आहे. पीव्हीडीएफ रंग जपतो, कापलेली कड जपत नाही. पत्रा भोके पडून जातो तो बहुतेक वेळा कडेने, खिळ्याच्या भोकातून आणि पाठीकडून. रंग फिका पडल्याने नव्हे. तेवढाच जादा पैसा जस्ताच्या जाड लेपात घालावा. घराच्या दर्शनी बाजूला हौस करायची असेल तर गोष्ट वेगळी.

रंग निवडतानाही एक बारकावा आहे. भडक लाल, नारिंगी, पिवळा अशा रंगांत बहुधा सेंद्रिय रंगद्रव्ये असतात आणि ती उन्हात लवकर उडतात. विटकरी किंवा तपकिरी रंगात लोहाचे ऑक्साइड असते, म्हणजे एका अर्थी गंजच. तो आणखी काय गंजणार! असे खनिज रंग टिकाऊ. फिका रंग छपराखाली गारवाही राखतो. गडद निळ्याखाली मे महिन्यात म्हशींचे काय होते ते आम्ही सांगायला नको.

आपल्या शिवारातले वैरी

कंपन्यांच्या पुस्तिकांत समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याबद्दल पुष्कळ लिहिलेले असते, आणि रत्नागिरी-मालवणकडे घर बांधणाऱ्याने ते जरूर वाचावे. हवा किती गंजवणारी आहे याच्या आंतरराष्ट्रीय पायऱ्या ठरलेल्या आहेत. सौम्य ग्रामीण हवेत जस्त वर्षाला ०.१ ते ०.७ मायक्रॉन झिजते, मध्यम हवेत ०.७ ते २.१, आणि खाऱ्या नाहीतर धुरकट कडक हवेत ४.२ ते ८.४ मायक्रॉन. म्हणजे एकाच जाडीचा लेप एका गावात नातू पाहील आणि दुसऱ्या गावात मुलाच्या लग्नालाही पुरणार नाही. वरच्या रंगाने हे वय वाढते, पण भेद राहतोच.

आपण समुद्रापासून लांब असलो तरी आपलेही वैरी आहेत, आणि त्यांतले काही घरचेच.

पहिला गोठा. शेण-मूत यांतून अमोनिया निघतो, तो वर जातो. पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरते, त्यात हा अमोनिया विरघळतो, आणि ते पाणी बसते नेमके त्या ५ मायक्रॉनच्या पाठीवर. अ‍ॅल्युमिनियम असलेल्या लेपाला हे मुळीच मानवत नाही. म्हणून कित्येक हमीपत्रांत जनावरांचे गोठे आणि कोंबड्यांची शेडे सरळ वगळलेली असतात. दुकानदार हे सांगत नाही. वर रंग लखलखीत आणि आतून पत्रा चाळणी, असे गोठे आपल्या भागात शोधायला लांब जावे लागणार नाही. यावर उपाय आहेत. गोठा उंच ठेवावा, आढ्याला वारा जायला फट ठेवावी, म्हणजे वाफ कोंडत नाही. पाठीलाही पुरा रंग दिलेला पत्रा मागणी केल्यास मिळतो. ते न जमल्यास नव्या पत्र्याच्या पाठीला, तो चढवण्यापूर्वी, जमिनीवरच इपॉक्सी रंगाचा हात द्यावा. मूत वाहून जाईल असा उतार आणि रोजची झाडलोट यांनी पत्रा वाचतो, दूधही वाढते.

दुसरा वैरी आपलाच कारखाना. बगॅस जळते तिची राख उडते, आणि साखर पांढरी करायला गंधक जाळतात त्याचा थोडाफार वास वाऱ्यावर जातो. राखेत पोटॅश असते. दवाने ओली झाली की ती अल्कधर्मी होते. कारखान्याच्या आसपास घरे असलेल्या सभासदांनी हंगाम संपल्यावर एकदा छप्पर साध्या पाण्याने धुवावे. पाऊस धुतो हे खरे, पण पाऊस पोचत नाही तिथे, म्हणजे वळचणीखाली, भिंतीच्या वरच्या भागावर, पन्हळीच्या कोपऱ्यात, राख आणि धूळ वर्षानुवर्षे बसून राहते. गंज तिथूनच धरतो. हल्ली छपरावर सौर पॅनेल बसवतात, त्यांच्या खालीही तसेच. पावसाने धुतले जात नाही आणि ओल वाळत नाही. आपल्या साखर गोदामाच्या छपराचीही दर उन्हाळ्यात याच कारणाने धुलाई होते. गोदामातली साखर बँकेकडे तारण असते, आणि एका खिळ्याच्या भोकातून गळलेले पाणी थप्पीतली किती पोती भिजवते हे गोदामकीपरला विचारावे.

तिसरा वैरी मोरचूद. द्राक्षे, डाळिंबे करणारे सभासद बोर्डो फवारतात आणि पंप शेडच्या भिंतीला अडकवून ठेवतात. त्यातून थेंब गळतात. तांब्याचे पाणी जस्तावर पडले की तांबे तिथे बसते आणि भोवतालचे जस्त झपाट्याने खाल्ले जाते. पंप जमिनीवर ठेवावा. सौर बंबाच्या तांब्याच्या नळीतून ठिबकणारे पाणीही पत्र्यावर पडू देऊ नये. खताच्या गोण्या पत्र्याच्या भिंतीला टेकवून ठेवणे हाही तसलाच उद्योग. पोटॅशच्या खतात क्लोराइड असते आणि ते ओल ओढून घेते.

खरेदीला जाताना

दुकानात "पॉइंट फाइव्ह" म्हणून पत्रा विकला जातो. हा अर्धा मिलिमीटर कशाचा, ते विचारावे. दोन्ही बाजूंचा लेप आणि रंग धरून अर्धा मिलिमीटर असेल, तर आतले पोलाद कमीच भरणार. चौरस मीटरला १५० ग्रॅमचा लेप म्हणजे दर बाजूला सुमारे २० मायक्रॉन, दोन्ही मिळून ०.०४ मिलिमीटर, रंग ०.०३५ च्या आसपास. उरले सव्वाचार दशांश मिलिमीटर पोलाद. म्हणून भाव विचारताना उघड्या पोलादाची जाडी किती, लेप किती ग्रॅमचा, हे दोन्ही स्वतंत्र विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे. लेपाचा आकडा पत्र्याच्या पाठीवर छापलेला असतो : एझेड १५०, एझेड ७०, झेड १२० असा. हे ग्रॅम दोन्ही बाजू मिळून असतात. एझेड ७० म्हणजे दर बाजूला ९ मायक्रॉनच. दोन्ही पत्रे रांगेत ठेवले तर निळा तो निळाच. डोळ्यांना काहीही फरक दिसत नाही, आणि भावातला फरक मात्र दुकानदार "आपल्यासाठी खास" म्हणून सांगतो.

काट्याची भाषा ऊस उत्पादकाला शिकवायला नको. एक मिलिमीटर जाडीचे एक चौरस मीटर पोलाद ७.८५ किलो भरते. यावरून हिशेब सोपा आहे. दहा फूट लांब पत्रा, मूळ सपाट रुंदी १२२० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३.७२ चौरस मीटर. पोलाद ०.४५ मिलिमीटर आणि लेप १५० ग्रॅम असेल तर वजन १३ किलो ९०० ग्रॅमच्या आसपास यावे. पोलाद ०.३५ आणि लेप ७० ग्रॅम असेल तर पावणेअकरा किलोच्या पुढे जात नाही. पन्हळ पडल्यावर पत्रा अरुंद दिसतो, म्हणून मूळ रुंदी विचारूनच गुणाकार करावा. दहा पत्रे काट्यावर घाला. जो आकडा येईल त्यावर वाद होत नाही.

आयएसआय खूण आणि तिच्याबरोबरचा मानकाचा क्रमांकही पाहावा. रंगीत जस्ती पत्र्याला आयएस १४२४६, रंगीत अ‍ॅल्युमिनियम-जस्त पत्र्याला आयएस १५९६५. पाठीवर काहीच छापलेले नसेल तर तो पत्रा स्वस्त का आहे ते समजून घ्यावे.

"हजार तास मिठाच्या फवाऱ्यात टिकलेला" असे सांगतात. ही चाचणी खोटी नाही. पेटीत ३५ अंशांवर ५ टक्के मिठाच्या पाण्याचे धुके सोडतात आणि पत्रा सतत ओला ठेवतात. पण आपल्या छपरावर पत्रा ओला होतो, वाळतो, तापतो, पुन्हा ओला होतो. शिवाय त्या पेटीत ऊन नसते. त्यामुळे इतके तास म्हणजे इतकी वर्षे असे गणित कुणालाही मांडता येत नाही. उन्हाची खरी परीक्षा अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण भागात घेतात. दक्षिणेकडे तोंड करून, ४५ अंशांच्या उतारावर तुकडे उघड्यावर ठेवून देतात आणि वाट पाहतात. अ‍ॅल्युमिनियमवरच्या सर्वोच्च प्रतीच्या रंगासाठी तिथल्या मानकाने अशी पुरी दहा वर्षे मागितलेली आहेत. विक्रेत्याला विचारावे, तुमचा रंग उघड्या उन्हात किती वर्षे ठेवून पाहिला? उत्तर नाही आले तरी माणूस कळतो.

हमीपत्र वीस वर्षांचे असले तरी त्यात रंग टिकण्याची मुदत वेगळी आणि पत्र्याला भोक न पडण्याची वेगळी असू शकते. वर्षे सरतील तशी भरपाई कमी होत जाते. गोठा, धुराडे, समुद्रकिनारा यांची कलमे वाचावीत. पाऊस न पोचणाऱ्या जागा धुण्याची अट असते, तीही वाचावी. बिल आणि पाठीवरच्या छापील ओळीचा फोटो जपून ठेवावा. तक्रारीच्या वेळी गुंडाळीचा क्रमांक मागतात.

मिस्त्रीकडे लक्ष असावे

चांगला पत्रा बिघडवायला एक ग्राइंडर पुरे. चक्रीने पत्रा कापला की कड जळते, जस्त उडून जाते, आणि तापलेल्या ठिणग्या शेजारच्या रंगात रुतून बसतात. पहिल्या पावसात प्रत्येक ठिणगीचा एक तांबडा ठिपका होतो. मिस्त्री म्हणेल, "लवकर होतंय, मालक." त्याला कातर वापरायला लावावी, नाहीतर लांबी मोजून कारखान्यातूनच कापून आणावी. भोके पाडताना निघालेला लोखंडी चुरा त्याच दिवशी संध्याकाळी मऊ झाडूने झाडावा. स्क्रू जस्ती असावेत, वायसर रबरी असावा, आणि तो दबेल इतकाच आवळावा. फुगून बाहेर आला तर चार उन्हाळ्यांत तडकेल. ओले सिमेंट पत्र्यावर सांडले तर तिथल्या तिथे धुवावे.

पत्रे आणून अंगणात आडवे रचून ठेवतात, तेही वाईट. दोन पत्र्यांच्या मध्ये वळवाचे पाणी शिरले की बाहेर पडत नाही, आणि साध्या जस्ती पत्र्यावर आठवड्याभरात पांढरी बुरशी दिसावी तसा थर येतो. रंगीत पत्र्याला फोड येतात. लाकडाच्या ओंडक्यांवर एका अंगाला उतार देऊन ठेवावेत. वरून ताडपत्री, पण बाजूने वारा खेळता.

ज्यांचे छप्पर जुन्या पांढऱ्या जस्ती पत्र्याचे आहे आणि ते अजून धड आहे, त्यांनी नवे घेण्याची घाई करू नये. रंग देऊन त्याची आणखी बरीच वर्षे काढता येतात. मात्र त्यावर थेट ऑइलपेंट मारू नये. ऑइलपेंटातले तेल आणि जस्त यांची आतल्या आत साबणासारखी प्रक्रिया होते, आणि दोन पावसाळ्यांत रंगाच्या पापडीसारख्या पापड्या सुटतात. आधी पत्रा खरवडून, धुऊन, वाळवून घ्यावा; जस्तासाठी म्हणून मिळणारे खास प्रायमर द्यावे आणि त्यावर अ‍ॅक्रिलिकचे दोन हात. काम उन्हे तापण्याच्या आत, सकाळी करावे, कारण तापलेल्या पत्र्यावर रंग नीट पसरण्याआधीच सुकतो.